मदुरैचे आठ हजार श्रमण : तामिळ देशातील जैन धर्माचा ऱ्हास आणि भाषेची साक्ष

१

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेला मराठी लेख आपल्या भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्याच्या काळाविषयी मतभेद असले, तरी मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. चामुंडरायाने मूर्ती करविली ह्याच आशयाचा एक लेख त्याच पायथ्याशी कन्नडमध्ये आणि एक तामिळमध्ये आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. तामिळ लेख ग्रंथ आणि वट्टेळुत्तु ह्या दोन लिप्यांत कोरलेला आहे. मूर्तीची स्थापना दहाव्या शतकाच्या शेवटच्या पादातील. जेथे तामिळ वाचणारा यात्रेकरू येण्याची अपेक्षा नसेल, तेथे तामिळ ओळ कोरून घेण्याचे प्रयोजन नाही. तेव्हा त्या काळी तामिळ भाषा बोलणारा जैन समाज अस्तित्वात होता आणि कर्नाटकातील ह्या तीर्थाशी त्याचा संबंध होता, एवढे अनुमान काढण्यास प्रत्यवाय नसावा.

ह्या लेखाशेजारी एक कथा ठेवून पाहावी. सातव्या शतकात मदुरैच्या पांड्य राजाने जैन धर्म स्वीकारला होता. चोळ कुळातून आलेली त्याची राणी मंगैयर्क्करशी आणि मंत्री कुलच्चिरै हे दोघे शैव होते. त्यांनी शीर्काळी येथील बालसंत तिरुज्ञानसंबंधर ह्यास बोलावून घेतले. राजाला ज्वर आला, तो जैनांच्या मंत्रांनी हटला नाही. संबंधराच्या भस्माने हटला. मग अग्नीची व जळाची परीक्षा झाली. अग्नीत टाकलेली जैनांची ताडपत्रे जळून गेली, संबंधराचे पत्र हिरवे राहिले. वैगै नदीत सोडलेली जैनांची पत्रे वाहून गेली, संबंधराचे पत्र प्रवाहाविरुद्ध चढून तिरुवेडगम् येथे काठाला लागले. पणात हरलेले आठ हजार जैन श्रमण सुळावर चढले. तामिळ देशातील जैन धर्माचा अंत कसा झाला, ह्या प्रश्नाला लोकमानसाने दिलेले उत्तर हे असे आहे.

कथा खरी मानली, तर तीनशे वर्षांनंतरचा श्रवणबेळगोळचा तामिळ लेख अनाकलनीय ठरतो. कथा सर्वस्वी खोटी मानली, तर एके काळी देशभर पसरलेला धर्म काही जिल्ह्यांपुरता का उरला, ह्याचे उत्तर द्यावे लागते. प्रस्तुत निबंधात ह्या प्रश्नाचा विचार मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे : तामिळ देशातील शैव आणि जैन ह्यांचा कलह केवळ देवतांचा किंवा राजाश्रयाचा नव्हता, तामिळ भाषा कोणाची, हाही त्यातील एक मुख्य प्रश्न होता. जैनांची पीछेहाट सुळावर झाली नाही. ती देवळांत, जमिनीच्या दानपत्रांत आणि लोकांच्या ओठांवरील गाण्यांत झाली, आणि तिला पाच-सहा शतके लागली.

२

तामिळ भाषेचे सर्वांत जुने उपलब्ध लेख मदुरैच्या आसमंतातील डोंगरांवरील नैसर्गिक गुहांत आढळतात. गुहांच्या तळाशी दगडातच शय्या कोरलेल्या आहेत आणि त्यांच्या वरच्या कड्यावर ब्राह्मी लिपीतील त्रोटक ओळी आहेत. ही भाषा पाली की तामिळ, ह्याविषयी प्रारंभी गोंधळ होता. के. व्ही. सुब्रह्मण्य अय्यर ह्यांनी १९२४ मध्ये मद्रासच्या प्राच्यविद्या परिषदेत ही भाषा तामिळ असल्याचे दाखविले. पुढे इरावतम् महादेवन् ह्यांनी १९६६ मध्ये लेखांचा संग्रह आणि २००३ मध्ये त्यांचे साद्यंत विवेचन प्रसिद्ध केले. ह्यांपैकी प्राचीनतम लेख ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात. मदुरैजवळच्या मांगुळम् येथील लेखांत नेडुंचेळियन् ह्या पांड्य राजाचे नाव आणि नंद नावाच्या 'कणि'चा, म्हणजे गणीचा उल्लेख आहे. करूरजवळच्या पुगळूर येथे चेर राजकुळातील पुरुषाने एका 'अमणन्' साठी शय्या करविल्याची नोंद आहे.

ह्या लेखांतील दोन शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला 'अमणन्'. हा संस्कृत 'श्रमण', प्राकृत 'समण' ह्यापासून आला आहे. तामिळने प्राकृतातून फार पूर्वी घेतलेल्या शब्दांत आरंभीचा सकार लोप पावतो. 'श्रावण' ह्या मासनामाचे 'आवणि' झाले, 'सीस' ह्या धातुनामाचे 'ईयम्' झाले, 'सिंहल' चे 'ईळम्' झाले आणि 'सहस्र' चे 'आयिरम्' झाले. पुढील काळात आलेल्या शब्दांत हा सकार चकाराच्या रूपाने टिकतो. 'चमणर्' हे रूप त्यांपैकीच. 'अमणन्' हे रूप पहिल्या थरातील आहे. मदुरैच्या कथेतील आठ हजार ह्या संख्येचे तामिळ रूप 'एण्णायिरम्' असे होते. म्हणजे ज्या संख्येने जैनांचा अंत सांगितला जातो, तिच्यातील 'आयिरम्' देखील प्राकृतातून, त्याच थरात आलेला आहे.

दुसरा शब्द 'पळ्ळि'. ह्याचा मूळ अर्थ निजण्याची वा वसतीची जागा. कन्नडमधील 'हळ्ळी' त्याचाच भाऊ. गुहालेखांत तो श्रमणांच्या निवासाला लावलेला आहे आणि पुढे जैन-बौद्ध मठ हा त्याचा रूढ अर्थ झाला. मठात अध्ययन चाले, म्हणून त्याला शाळेचा अर्थ चिकटला. आजही तामिळ मूल 'पळ्ळिक्कूडम्' मध्ये शिकावयास जाते.

तात्पर्य, लेखनकला तामिळ देशात रुजत असताना तिचा उपयोग करणाऱ्यांत श्रमण आणि त्यांचे उपासक अग्रभागी होते. ते त्या भाषेचे पाहुणे नव्हते. सातव्या शतकात त्यांच्यावर जो आरोप करण्यात आला, त्याचा विचार ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून करावयास हवा.

३

पाचव्या शतकापासून जैन संघाच्या संघटित जीवनाची चिन्हे दिसू लागतात. शक ३८० मध्ये, म्हणजे इ. स. ४५८ मध्ये, कांचीचा राजा सिंहवर्मा ह्याच्या बाविसाव्या राज्यवर्षी, सर्वनंदी मुनीने 'लोकविभाग' हा विश्वरचनेवरील प्राकृत ग्रंथ पूर्ण केला, असे त्या ग्रंथाच्या नंतरच्या संस्कृत अवतारावरून कळते. ज्या पाटलिक ग्रामात तो रचला गेला, ते आजच्या कडलूरजवळचे तिरुप्पादिरिप्पुलियूर मानले जाते. देवसेनाच्या 'दर्शनसार' ह्या दहाव्या शतकातील ग्रंथात वज्रनंदीने विक्रम संवत् ५२६ मध्ये दक्षिण मथुरेस, म्हणजे मदुरैस, द्राविड संघ स्थापिल्याची नोंद आहे. देवसेनाचा सूर टीकेचा आहे. त्याच्या मते ह्या संघाने आचारात शैथिल्य आणले. परंतु स्थळाच्या नावाने नव्हे, तर 'द्राविड' ह्या नावाने संघ ओळखला जावा, ही घटना बोलकी आहे. सहाव्या शतकातील पळ्ळन्कोविल ताम्रपटात पल्लव राजाने कांचीजवळच्या परुत्तिक्कुन्ऱु येथील वज्रनंदी आचार्यास दिलेल्या दानाची नोंद आहे. हा वज्रनंदी वेगळा. सातव्या शतकात ह्युएनत्संग कांचीस आला, तेव्हा तेथे देवमंदिरे ऐंशीहून अधिक असून त्यांत दिगंबरांची बहुसंख्या असल्याचे त्याने लिहून ठेविले. अधिक दक्षिणेकडील मलकूट देशात बौद्धांचे जुने मठ ओस पडले असून दिगंबर मात्र पुष्कळ आहेत, असेही तो सांगतो.

ह्याच सातव्या शतकात अप्पर व संबंधर हे दोन शैव संत झाले. अप्पर ह्याचे चरित्र ह्या संघर्षाचे मर्म उघड करते. तो प्रथम जैन होता आणि धर्मसेन ह्या नावाने त्यांच्या मठात मानाला चढला होता. परंपरा सांगते की, असह्य पोटशूळ उठला असता तो आपल्या बहिणीकडे, तिलकवतीकडे, तिरुवदिगै येथे परत आला आणि शिवाच्या कृपेने बरा झाला. जैन मठात घालविलेल्या वर्षांचा पश्चात्ताप त्याच्या पदांतून पुनःपुन्हा व्यक्त होतो. त्याच परंपरेनुसार त्याचा छळ करणारा पल्लव राजा पुढे शैव झाला आणि पाटलिपुत्रातील जैन मठ पाडून त्याच्या सामग्रीतून त्याने तिरुवदिगै येथे शिवालय बांधले. हा राजा पहिला महेंद्रवर्मा समजला जातो. तिरुच्चिराप्पळ्ळीच्या लेण्यातील लेखात 'गुणभर' हे बिरुद धारण करणाऱ्या राजाने विपक्षाचे आचरण सोडून लिंगाची भक्ती स्वीकारल्याचा श्लेषयुक्त उल्लेख आहे. राजाचे धर्मांतर ही केवळ पुराणकथा नसावी, असे मानण्यास हा आधार आहे.

संबंधराच्या पदांचा घाट ठरलेला आहे. सामान्यतः दहा-अकरा कडव्यांच्या त्याच्या प्रत्येक पदात दहाव्या कडव्याच्या स्थानी जैन व बौद्ध ह्यांचा धिक्कार असतो. हा धिक्कार वाचताना सिद्धांताचे खंडन त्यात फारच थोडे आहे, असे ध्यानात येते. स्याद्वाद, कर्मपुद्गल, जीवाजीव ह्यांविषयी तो फारसा वाद घालीत नाही. आरोप आहेत ते देहाचे, अन्नाचे आणि वाणीचे : ते नग्न असतात, स्नान करीत नाहीत, दात घाशीत नाहीत, केस उपटतात, उभ्याने जेवतात, आणि त्यांना नीट बोलता येत नाही.

हा शेवटचा आरोप भाषेच्या अभ्यासकाने विशेष पाहावा असा आहे. मदुरैच्या आलवाय् क्षेत्रावरील एका पदात संबंधर म्हणतो त्याचा भावार्थ असा की, आगम आणि मंत्र ज्या संस्कृतात आहेत, तिची ही मंडळी प्राकृताने मोडतोड करतात. ह्यांना आर्य भाषेचेही फळ ठाऊक नाही आणि शुद्ध तामिळचेही नाही. पुढच्या शतकातील सुंदरर ह्याने ह्याच्याही पुढे जाऊन जैन मुनींच्या '-नंदी', '-सेन', '-वीर' अशा नावांची टर उडविली आहे आणि त्यांच्या पाठाचे अनुकरण म्हणून केवळ अनुनासिकांची एक निरर्थक माळ गुंफली आहे. प्राकृतात दंत्य नकाराच्या जागी मूर्धन्य णकार येतो, हे आपणांस माहीत आहे. तामिळ श्रोत्याच्या कानाला तो पाठ कसा लागत असेल, ह्याची ही जवळजवळ ध्वनिमुद्रित नोंदच म्हणावी लागेल.

येथे आरोपाची खुबी लक्षात घ्यावी. तामिळ भाषेच्या लिखित इतिहासाच्या आरंभापासून जे तिच्यात वावरत होते, त्यांना परभाषी ठरविण्यात आले. ह्याला आधार अगदीच नव्हता असे नाही. जैनांचे आगम प्राकृतात होते, शास्त्रचर्चा संस्कृतात होऊ लागली होती आणि तामिळ ही त्यांची लोकोपदेशाची व साहित्याची भाषा होती. पूजेच्या व स्वाध्यायाच्या क्षणी मात्र तिला दुय्यम स्थान होते. नायन्मारांनी नेमक्या ह्याच क्षणाला हात घातला. देवासमोर उभे राहून बोलावयाची भाषा तामिळ, हे त्यांचे म्हणणे होते; आणि संबंधर तर आपल्या पदांच्या शेवटी स्वतःचा उल्लेख तामिळ ज्ञानसंबंधन् असा अभिमानाने करतो.

४

आता आठ हजारांच्या कथेकडे वळू. तिची साधने कालक्रमाने मांडली असता तिचा उगम काहीसा स्पष्ट होतो. संबंधराच्या स्वतःच्या पदांत मदुरैच्या वादाचे, ज्वराचे व ताडपत्रांचे संदर्भ आहेत, सुळाचा नाही. अप्पर समकालीन असूनही ह्याविषयी मौन पाळतो. सुळाचा उल्लेख येतो तो नंबि आंडार नंबि ह्याच्या रचनांत, म्हणजे घटनेनंतर किमान तीन शतकांनी. साद्यंत कथानक सेक्किळार ह्याच्या 'पेरियपुराणम्' मध्ये येते, आणि हा ग्रंथ बाराव्या शतकातला, दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळचा आहे. पांड्यांचे ताम्रपट आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाविषयी मुळीच संकोची नाहीत. तरीही त्यांत अशा घटनेचा मागमूस नाही. के. ए. नीलकंठ शास्त्री ह्यांनी ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही असा निर्वाळा दिला, तो ह्याच कारणांमुळे.

परंतु कथा नाकारली म्हणजे काम संपले असे नव्हे. जैनांच्या बाजूलाही एक कथा आहे, आणि ती ह्या कथेशी ताडून पाहणे उद्बोधक ठरते. 'नालडियार' हा चारशे चौपद्यांचा नीतिग्रंथ जैन मुनींची रचना मानला जातो. त्याच्या उत्पत्तीची आख्यायिका अशी : दुष्काळात आठ हजार जैन मुनी पांड्य राजाच्या आश्रयास आले. सुकाळ झाल्यावर त्यांनी निरोप मागितला, राजा सोडीना. तेव्हा एका रात्री प्रत्येकाने आपल्या आसनाखाली एकेक पद्य लिहून ठेविले आणि सर्वजण निघून गेले. संतापलेल्या राजाने ती ताडपत्रे वैगै नदीत फेकविली. त्यांपैकी चारशे पत्रे प्रवाहाविरुद्ध चढून काठाला लागली, तोच 'नालडियार'.

संख्या तीच, राजधानी तीच, नदी तीच, आणि प्रवाहाविरुद्ध चढणारे ताडपत्रही तेच. एका कथेत आठ हजार सुळावर जातात, दुसरीत ते रातोरात निघून जातात. एका कथेत नदी शैवांचे पत्र तारते, दुसरीत जैनांचे. मूळ कथा कोणाची व उसनी कोणाची, हे ठरविण्यापेक्षा दोन्हींचा समान गाभा महत्त्वाचा आहे. मदुरैत एके काळी श्रमणांचा मोठा समुदाय होता. तो नाहीसा झाला. आणि हा प्रश्न लिखित तामिळ शब्द कोणाचा टिकतो ह्या प्रश्नाशी निगडित होता, एवढे दोन्ही पक्षांच्या स्मृतीत शिल्लक राहिले. आठ हजार ही शिरगणती नसून समुदायवाचक रूढ संख्या असावी, हेही ह्या तुलनेवरून दिसते.

ह्याचा अर्थ बळजोरी झालीच नाही असा करणे मात्र चुकीचे होईल. 'पेरियपुराणम्' मध्येच तिरुवारूरच्या दंडि अडिगळ् ह्या अंध भक्ताची कथा आहे. देवळाच्या तलावाकाठी जैनांच्या वसती वाढून तलाव आक्रसला होता. तो खणून रुंद करण्यावरून वाद झाला आणि शेवटी राजाज्ञेने जैनांना तेथून घालवून त्यांचे मठ पाडण्यात आले. ह्यातील दृष्टिलाभाचा चमत्कार बाजूला ठेवला, तर उरतो तो तलाव, जागा आणि मठ ह्यांसाठी झालेला गावपातळीवरचा झगडा. सुळांच्या रांगेपेक्षा ही गोष्ट अधिक विश्वसनीय आहे. शिवाय, ज्यांनी सुळाची कथा रचली व ऐकली, त्यांना ती लाजिरवाणी वाटली नाही. तिला मंदिरांच्या भिंतींवरील चित्रांत आणि मदुरैच्या उत्सवपरंपरेत स्थान मिळाले. घटना घडली नसेल. पण ती घडावयास हवी होती असे पुढच्या काळाला वाटले, हे ऐतिहासिक सत्य आहे आणि इतिहासकाराने ते दृष्टिआड करू नये.

५

सातव्या शतकानंतरचे कोरीव लेख काय सांगतात? मदुरैलगतच्या आनैमलै डोंगरावर इ. स. ७७० मध्ये पांड्य राजाचा मंत्री मारन् कारि ह्याने नरसिंहाचे लेणे खोदविले. त्याच डोंगरावर नवव्या-दहाव्या शतकांतील जैन शिल्पे आणि ती करविणाऱ्यांची नावे वट्टेळुत्तु लिपीत आहेत. शित्तन्नवाशल येथील जैन लेण्याचा जीर्णोद्धार नवव्या शतकात श्रीमार श्रीवल्लभ पांड्याच्या काळी झाला, आणि तो करणारा इळंगौतमन् हा आचार्य मदुरैचा होता. ज्या नगरीतून श्रमणांचा निःपात झाल्याचे सांगतात, तेथूनच सुमारे दोनशे वर्षांनी जैन आचार्य येतो, ह्याची नोंद घ्यावी. ऐवरमलै येथील शक ७९२ च्या, म्हणजे इ. स. ८७० च्या, लेखात गुणवीराचा शिष्य शांतिवीर ह्याने पार्श्वनाथ व यक्षी ह्यांच्या मूर्ती पुन्हा सिद्ध करून ५०५ काणम् सोने दान दिल्याचे नमूद आहे. दुसरा वरगुण पांड्य कधी गादीवर आला, हे इतिहासकारांना ह्याच जैन लेखावरून ठरविता आले.

ह्या लेखांत कळुगुमलै येथील समूह सर्वांत मोठा. तेथे कड्यावर तीर्थंकरांच्या रांगा आहेत आणि त्यांखाली सुमारे शंभर त्रोटक लेख आहेत. प्रत्येकात मूर्ती करविणाऱ्याचे नाव, गाव आणि गुरू. त्यांत सुतार, कुंभार अशा कारागिरांची नावे आढळतात आणि 'कुरत्ति' हा शब्द वारंवार येतो. 'गुरु' वरून तामिळने 'कुरवर्' केले आणि त्याला आपला स्त्रीवाचक प्रत्यय जोडून 'कुरत्ति' केले. ह्या स्त्रिया स्वतंत्र गुरुपद भूषवीत; त्यांना पुरुष शिष्यही होते. उत्तरेकडे वेडाल येथील कनकवीर कुरत्ति व तिच्या शिष्या ह्यांच्या रक्षणाची व अन्नाची हमी तेथील लोकांनी घेतल्याचा लेख पहिल्या आदित्य चोळाच्या काळचा आहे. संस्कृत शब्दाला तामिळ प्रत्यय लावून जो समाज स्त्रीगुरूचे नाव घडवितो, त्याला तामिळचे मर्म कळत नाही, हा आरोप किती एकांगी होता ते ह्या एका शब्दावरून दिसावे.

चोळांच्या काळातही हा प्रवाह खंडित झाला नाही. राजराजाची बहीण कुंदवै हिच्या नावाचे जिनालय पोळूरजवळच्या तिरुमलै येथे आहे. पहिल्या राजेंद्राच्या गंगास्वारीचे वर्णन करणारा प्रसिद्ध लेख ह्याच जैन टेकडीवर कोरलेला आहे. जैन मठांच्या जमिनीला चोळकालीन दप्तरात 'पळ्ळिच्चंदम्' ही स्वतंत्र संज्ञा होती. कांचीजवळच्या तिरुप्परुत्तिक्कुन्ऱम् येथे विजयनगरचा सेनापती इरुगप्प ह्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस संगीतमंडप बांधला.

६

तर मग ऱ्हास झाला कसा? राजाश्रय गेला, हे उत्तर अपुरे आहे. वरील नोंदींवरून तो पूर्णपणे कधीच गेला नव्हता. बदलले ते राजाश्रयाचे प्रमाण आणि समाजाची घडी. सातव्या-आठव्या शतकांपासून नदीखोऱ्यांत पाटबंधाऱ्यांची शेती वाढली आणि तिची व्यवस्था ब्रह्मदेय गावे व देवळे ह्यांच्याभोवती गुंफली गेली. वेळ्विक्कुडि ताम्रपटात पांड्य राजा कळभ्रांनी हिरावलेले ब्राह्मणांचे जुने दान परत करतो. जमिनीच्या हक्काची दिशा कोणीकडे वळत होती, ते त्यावरून कळते. 'पळ्ळिच्चंदम्' टिकले, पण देवदान आणि ब्रह्मदेय ह्यांच्या मानाने ते लहान राहिले. देऊळ हे धान्याचे कोठार, पतपेढी, न्यायसभा आणि उत्सवस्थान झाले. मठ मठच राहिला.

दुसरे कारण भाषेचे आहे. नायन्मारांचे पद एखाद्या विशिष्ट क्षेत्राला उद्देशून असते : अमक्या नदीकाठच्या, अमक्या झाडाखालच्या, अमक्या गावच्या शिवाला. आज उपलब्ध असलेली अप्पर, संबंधर व सुंदरर ह्यांची सुमारे आठशे पदे मिळून तामिळ देशाचा एक नकाशाच तयार होतो. ज्या गावाचे नाव पदात आले, ते गाव पवित्र झाले आणि गावकऱ्याला आपली भूमी आपल्याच भाषेत परत मिळाली. राजराजाने तंजावरच्या बृहदीश्वरासमोर ही पदे गाण्यासाठी अठ्ठेचाळीस गायक व दोन वादक नेमले, असे तेथील लेख सांगतो. तामिळ गीत हा राज्यमान्य पूजेचा भाग झाला, त्याला उत्पन्न लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते गाणारा वर्ग निर्माण झाला.

जैनांनी ह्याच काळात तामिळला काय दिले? अमितसागराचे 'याप्परुंगलम्' हे छंदःशास्त्र, तिरुत्तक्कदेवराचे 'जीवकचिंतामणि' हे महाकाव्य, गुणवीर पंडिताचे 'नेमिनादम्' आणि तेराव्या शतकाच्या आरंभी पवणंदीचे 'नन्नूल' हे व्याकरण. पुढे सोळाव्या शतकात मंडलपुरुषाचा 'चूडामणि निघंटु'. देणगी थोर आहे, पण तिचे स्वरूप पाहावे : छंद, काव्य, व्याकरण, कोश. जैनांनी तामिळला शास्त्र दिले. शैवांनी ती भाषा गर्भगृहासमोर उभी केली. व्याकरण पंडिताला लागते, गाणे सर्वांना. लोकसंग्रहाच्या स्पर्धेत ह्याचा निकाल काय लागणार, हे वेगळे सांगावयास नको. 'ह्यांना तामिळ येत नाही' हा आरोप म्हणूनच खोटा असूनही प्रभावी ठरला. तामिळ येणे ह्याचा अर्थच बदलला होता.

ह्या दोन कारणांचा परिणाम सावकाश झाला. एखाद्या ठिकाणी उपासक कमी झाले, दिव्याचे तेल बंद पडले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच स्थानी दुसरी देवता पाहिली. कळुगुमलै आज मुरुगाचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. दक्षिण टोकाजवळच्या चितराल येथील तीर्थंकरांच्या सान्निध्यात पुढे भगवतीचे पूजन होऊ लागले.

७

जिंकलेल्या पक्षाने हरलेल्यांच्या ग्रंथांचे काय केले, ही गोष्ट सांगितल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. परंपरा म्हणते की, चोळ राजा जैन 'चिंतामणी' त रमला होता, त्याला त्यापासून वळविण्यासाठी सेक्किळारने 'पेरियपुराणम्' रचले. तथापि चौदाव्या शतकाच्या सुमारास त्याच 'चिंतामणी' वर सर्वोत्तम टीका लिहिली ती नच्चिनार्क्किनियर ह्या मदुरैच्या शैव पंडिताने. 'नन्नूल' वर सतराव्या शतकात टीका लिहिणारे शंकरनमःशिवायर आणि अठराव्या शतकात ती सुधारणारे शिवज्ञान मुनिवर हे दोघेही शैव, आणि शैव मठांच्या विद्यापरंपरेत हेच जैन व्याकरण प्रमाण झाले. त्याच परंपरेत वाढलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर ह्यांना १८८० नंतर 'चिंतामणी' ची हस्तलिखिते अभ्यासताना अनेक स्थळे उलगडेनात. तेव्हा कुंभकोणम् येथील जैन कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी चालत आलेल्या पठणाच्या व अर्थाच्या आधारे साहाय्य केले. १८८७ मध्ये त्या काव्याची मुद्रित आवृत्ती निघाली. बाराशे वर्षांपूर्वी ज्यांना तामिळ येत नाही असे म्हटले गेले, त्यांच्या वंशजांकडे एका शैव पंडिताला तामिळचा अर्थ विचारावयास जावे लागले. आणि तो आदराने गेला.

तामिळ जैन आजही आहेत. २०११ च्या जनगणनेत तामिळनाडूत सुमारे ८९ हजार जैन नोंदले गेले. त्यांत राजस्थान व गुजरातकडून व्यापारानिमित्त आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. मूळचे तामिळ जैन, ज्यांना 'नैनार' म्हणतात, ते मुख्यतः उत्तरेकडील जिल्ह्यांत आहेत. पुष्कळांचा व्यवसाय शेती आहे आणि विळुप्पुरम् जिल्ह्यातील मेल्-सित्तामूर येथे त्यांचा मठ आहे.

भाषेने ह्या सर्व इतिहासाचा निवाडा आपल्या पद्धतीने राखून ठेविला आहे. 'अमण' शब्दाशी कोशकारांनी जोडलेला 'अम्मणम्' हा शब्द आजच्या तामिळमध्ये नागवेपणा एवढ्याच अर्थाने उरला आहे. त्यात शैव संतांचा उपहास गोठलेला आहे. दुसरीकडे 'पळ्ळिक्कूडम्' मध्ये श्रमणांचे विद्यादान टिकून आहे. एक शब्द हेटाळणीचा, एक कृतज्ञतेचा, आणि दोन्ही वापरणाऱ्यांना त्यांच्या मूळाची जाणीव नाही. सुळाची कथा जशीच्या तशी स्वीकारणारा इतिहासकार ह्यांपैकी पहिलाच शब्द ऐकतो. कलह झालाच नाही असे म्हणणारा केवळ दुसरा. दोन्ही शब्द एकाच वेळी ऐकू येतील, तेव्हाच तामिळ देशातील ह्या दीर्घ कलहाचे यथार्थ आकलन होईल.